पाठवताना हात ठेवलेत, परत आल्यावर हात काढून घेऊ नका : मिशन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद, मिशन समिती,
तसेच आमच्यासाठी महिन्याच्या महिन्याला अर्पण देणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या सर्व मंडळ्या

विषय : परतलेल्या मिशनरी कुटुंबांचा विसावा सहा महिन्यांवरून एक महिन्यावर आणण्याचा ठराव

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

जय ख्रिस्त.

या विषयावर मी समितीला याआधी दोनदा लिहिलं. पहिल्या पत्राची पोच आली, दुसऱ्याची तीही नाही. अर्पणाच्या पाकिटात पैसे घालणाऱ्या आज्जीलाही हे कळलं पाहिजे, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणाचा अपमान करायचा नाही. ठराव करणाऱ्यांपैकी कित्येकांनी मला लहानपणी शब्बाथ शाळेत शिकवलेलं आहे.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माझं माहेर गडहिंग्लजकडचं, सासर खानापूर तालुक्यातलं. मिरजेला नर्सिंग शिकले. 2014 च्या जानेवारीत माझे यजमान, साडेतीन वर्षांची मोठी मुलगी आणि मी टांझानियाला गेलो. व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला, म्वान्झा भागातल्या एका गावात यजमान तिथल्या पाळकांना बायबल शिकवायचे आणि मी चर्चच्या छोट्या दवाखान्यात काम करायचे. धाकटा 2015 साली तिथेच झाला. 2024 च्या डिसेंबरात आम्ही कायमचे परत आलो.

जाताना तुम्ही आमच्यासाठी किती केलंत ते मी विसरलेले नाही. वर्षभर तयारी करून घेतलीत. तिथली भाषा, किस्वाहिली, शिकवायला माणूस शोधलात, लसी टोचून घेतल्यात, तिथलं हवामान, तिथली माणसं, काय खावं, काय बोलू नये, सगळं समजावलंत. शेवटच्या रविवारी सगळे वडीलजन पुढे आले आणि आमच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. माझ्या डोक्यावर सासऱ्यांचाही हात होता.

येताना मात्र तिकीट आलं आणि सोबत एक ओळ आली : अमुक तारखेला क्वार्टर्सची चावी घ्यावी.

मार्चमध्ये तुमचा ठराव हातात पडला. परतलेल्या कुटुंबाला पूर्वी कागदावर सहा महिन्यांचा विसावा होता, तो एक महिना केला. क्वार्टर्स 30 दिवसांत रिकामे करायचे. मानधन तिसऱ्या महिन्यापासून अर्धं. आम्ही येऊन तीन महिने झालेले, तरी तो आम्हालाही लावला. एप्रिलमध्ये आम्ही सामान घेऊन सासूबाईंच्या घरी, गावी आलो. बैठकीत एका सभासदांनी विचारलं म्हणे, "आपल्याच घरी आल्यावर रुळायला एवढा वेळ कशाला लागतो?" प्रश्न त्यांनी मनापासूनच विचारला असेल. मी मनापासूनच उत्तर देते.

धाकट्यापासून सुरुवात करते. नऊ वर्षांच्या या मुलाचं 'आपलं घर' हे नव्हेच. तो इथे याआधी एकदाच आला होता, 2018 साली, दोन महिने, तीन वर्षांचा असताना. तिथे लहान मूल मोठ्या माणसाला भेटलं की 'शिकामू' म्हणतं. त्याचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा सांगतात. मोठा माणूस 'मराहाबा' म्हणून ते स्वीकारतो. धाकटा गावात आल्यावर पहिला आठवडाभर दिसेल त्या म्हाताऱ्या माणसाला किंचित वाकून 'शिकामू' म्हणायचा. सासूबाईंना अर्थ सांगितला तर त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "अगं, हे तर आपलंच पाया पडणं की." पण गल्लीतली पोरं हसली, त्याच्या मागे 'शिकामू शिकामू' ओरडत फिरली. पंधरा दिवसांत त्याने ते म्हणणं सोडलं. त्याच्या जागी 'जय ख्रिस्त' किंवा 'नमस्कार' यायला हवा होता, तो अजून आलेला नाही. मोठी माणसं आली की तो आता आत जाऊन बसतो.

मलप्रभेवर गावची पोरं पोहायला जातात. हा काठावर उभा राहतो. तिथे सरोवराच्या पाण्यात पाय घालायचा नाही, हे आम्हीच त्याला बोलता येऊ लागल्यापासून शिकवलं होतं. त्या पाण्यातल्या गोगलगाईंमुळे बिल्हार्झिया होतो, जंत कातडीतून शिरतो. आता तीच आई म्हणते, जा, काही होत नाही. त्याने कुठल्या आईचं ऐकायचं?

आता शाळा. टांझानियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं. आपल्याकडे जूनच्या तोंडावर सुरू होतं आणि एप्रिलमध्ये संपतं. आम्हाला डिसेंबरात आणताना हे कुणी पाहिलं नाही. मुलांचं तिथलं वर्ष पुरं झालं हे खरं, पण इथलं वर्ष संपत आलेलं. मधल्या पाच महिन्यांत एकाही शाळेने त्यांना बसू दिलं नाही. दोन्ही मुलं घरात, अनोळखी गावात, बरोबरीचं कुणी नाही.

धाकटा तिथल्या सरकारी शाळेत तिसरीपर्यंत शिकला, माध्यम किस्वाहिली. मराठी तो आपल्यासारखी बोलतो, पण लिहितो रोमन अक्षरांत, कारण किस्वाहिली तशीच लिहितात. 'आई' लिहायला त्याला दोन 'ए' आणि एक 'आय' लागतो. घरी मी बाराखडी गिरवून घेतली होती, पण दवाखान्यातून आल्यावर कंदिलाच्या उजेडात जेवढं होईल तेवढंच. इथे त्याला एकदम तीन गोष्टी शिकायच्या आहेत : मराठी अक्षरं, कन्नड अक्षरं आणि कन्नड भाषा. शाळेत कन्नड आहेच, आणि असावं. सीमाभागात राहणाऱ्या मुलाला कन्नड आलंच पाहिजे, माझा त्याला मुळीच विरोध नाही. पण जो मुलगा आज बसवरची पाटीसुद्धा वाचू शकत नाही, त्याला एकाच जूनमध्ये हे सगळं पेलायला सांगायचं, तर त्याच्या शेजारी कुणी तरी बसायला नको का?

प्रवेशाच्या वेळी एका शाळेत कारकुनाने त्याचा जन्मदाखला उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यात तालुका कुठाय?" दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, शाळा सोडल्याचा दाखला आपल्या नमुन्यात नाही, पुढच्या वर्षी या. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात घ्यायचं, मागे असेल तर त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. हे मला कळलं कसं? रात्री मोबाईलवर शोधत बसले तेव्हा. आपल्या मंडळ्यांत किती तरी शिक्षक आहेत, निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यातला एक जण माझ्याबरोबर त्या टेबलापाशी उभा राहिला असता, तर दोन महिने वाचले असते.

मोठीचं दुःख वेगळं आहे. ती 14 वर्षांची. तिथल्या माध्यमिक शाळेचं पहिलं वर्ष, फॉर्म वन, पूर्ण करून आली, इथे नववीत बसली. पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे इथली दहावी. वर्गातल्या मुलींनी तिचं नावच 'आफ्रिका' पाडलं. बाईंनी कन्नडमध्ये काही विचारलं आणि ती गोंधळून 'न्दियो' म्हणाली, म्हणजे 'हो'. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून ती वर्गात तोंड उघडत नाही. प्रवेशअर्ज भरताना ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, मातृभाषेच्या रकान्यात इंग्लिश लिहा, सोपं जाईल. मोठीने माझ्याकडे पाहिलं. मी मराठी लिहिलं. अकरा वर्षं परक्या मुलखात चुलीपाशी, प्रवासात, मलेरियाच्या तापात त्या मुलीशी मी मराठीत बोलले, ते एका रकान्यात पुसून टाकायला नव्हे.

आणि याच काळात तुम्ही आम्हाला मंडळ्यांमधून फिरवलंत. नऊ आठवड्यांत अकरा मंडळ्या. मंडळीने पाठवलं, तर मंडळीला हिशेब द्यायचा, हे मला मान्यच आहे. पण दर ठिकाणी मुलांना किटेंगेचे, म्हणजे तिथल्या रंगीत छापील कापडाचे, कपडे घालून पुढे उभं करायचं आणि किस्वाहिली गाणं म्हणायला लावायचं, हे मला नको होतं. मोठी पाचव्या रविवारी अंथरुणात पडून राहिली, उठलीच नाही. ताप नव्हता, काही नव्हतं. दहाव्या मंडळीत धाकट्याने माइक हातात घेतला आणि खाली ठेवला. एका ताईंनी प्रेमाने म्हटलं, "लाजतंय पोरगं." तो लाजत नव्हता. जे गाणं तो तिथे मित्रांबरोबर आंब्याखाली म्हणायचा, ते दाखवायची वस्तू झालं होतं.

प्रकृतीचं दोन शब्दांत सांगते, पण हे कृपा करून नीट वाचा, कारण यात जीव जाऊ शकतो. फेब्रुवारीत धाकट्याला ताप आला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. मी नर्स आहे म्हणून हटून बसले, रक्ताची काच करायला लावली. फाल्सिपेरम मलेरिया निघाला. हा मलेरिया तिथून निघाल्यावर आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनीही डोकं वर काढतो, आणि उशीर झाला तर मेंदूपर्यंत जातो. मोठीच्या पोटदुखीचं मूळ बिल्हार्झिया होतं. आपल्याकडे तो जवळपास नाहीच, त्यामुळे इथल्या डॉक्टरांना त्याची शंका न येणं साहजिक आहे, त्यांना मी दोष देत नाही. पण पाठवताना लसींची यादी करणाऱ्या समितीने परतल्यावरच्या तपासण्यांची यादी का केली नाही? पुढच्या घरातली आई नर्स नसेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र तीन वेळा फाडलं, ती.

माझे सासरे 2021 च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. भारताची नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानसेवा मार्च 2020 पासून मार्च 2022 पर्यंत बंद होती. त्या वर्षी आमची रजाही होती, ती राहून गेली. तिथे तर सरकारने किती तरी महिने रुग्णांचे आकडे सांगणंच थांबवलेलं, दवाखान्यात आम्ही मोजक्या मास्कवर दिवस काढत होतो. यजमानांनी वडिलांचं दफन फोनवर पाहिलं. नेटवर्क तुटत होतं. माती टाकल्याचा आवाज आला, चित्र नाही आलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा वर्ग होता, त्यांनी तो घेतला. पुढे साडेतीन वर्षं त्या विषयावर ते एक अवाक्षर बोलले नाहीत.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही कबरीवर गेलो. सासूबाईंनी झेंडूची फुलं आणली होती. यजमान कबरीपाशी बसले आणि बसूनच राहिले, दुपारपर्यंत. इतरांसाठी ते मरण जुनं झालं होतं. सांत्वनाला आलेली माणसं कधीच आपापल्या कामाला लागली होती. आमच्यासाठी सासरे त्या दिवशी गेले. पुढच्या रविवारी यजमानांना पहिल्या मंडळीत अहवाल द्यायचा होता, त्यांनी तो दिला. टाळ्या पडल्या. त्या रात्री ते ओसरीवर रडत बसले होते आणि मी त्यांच्या बाजूला. पाळकसाहेबांपैकी कुणी तरी यावं, अहवाल न मागता नुसतं बसावं, असं मला त्या रात्री फार वाटलं. आजही कुणी आलेलं नाही. सासऱ्यांविषयी आम्हाला एकाही सभासदाने विचारलेलं नाही. एक महिन्याचा ठराव करताना या गोष्टी कुणाच्या डोळ्यांसमोर होत्या का?

आणखी एक, माझ्या स्वतःविषयी. अकरा वर्षं मी दवाखान्यात काम केलं. बाळंतपणं केली, रात्री-अपरात्री उठले. समितीच्या कागदावर मी 'मिशनरीची पत्नी' आहे. नेमणूकपत्र नाही, अनुभवाचा दाखला नाही, भविष्यनिर्वाह निधीचा रुपया नाही. आता मानधन अर्धं झाल्यावर मी नोकरी शोधायला निघाले, तर अकरा वर्षांचा कागद मागतात. माझी नोंदणी महाराष्ट्रातली, तिचं नूतनीकरण राहिलेलं. इथे काम करायचं तर कर्नाटकाच्या नर्सिंग कौन्सिलकडे वेगळी नोंदणी. साध्या बसचं उदाहरण घ्या. कर्नाटकात 2023 च्या जूनपासून बायकांना सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे. खानापूरहून बेळगावला येताना कंडक्टरने आधार मागितलं. माझ्या आधारवर माहेरचा पत्ता. तो म्हणाला, "हे चालत नाही वो ताई, कर्नाटकचं पायजे." त्याचं चुकलं नाही. तिकिटाचे पैसेही फार नव्हते. पण खिडकीपाशी बसून मी मोजत होते : रेशनकार्डातून नावं गेलेली, आधारवर दुसरं राज्य, नर्सिंगची नोंदणी थकलेली, समितीच्या कागदावर फक्त पत्नी.

घराविषयीही. क्वार्टर्स सोडायच्या आधी यजमान बेळगावात भाड्याने घर शोधत होते. काय करता विचारल्यावर ते खरं सांगायचे. मिशनरी शब्द ऐकला की दोन-तीन ठिकाणी बोलणं तिथेच थांबलं. समितीने ओळखीचं एक पत्र दिलं असतं, हमी घेतली असती, तर मुलांची शाळा गावापासून एवढी लांब पडली नसती.

बंधुभगिनींनो, मिशनरी आपल्याला नवे नाहीत. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 साली बेळगावात आले. बाबा पद्मनजी 1831 साली याच गावात जन्मले आणि 1854 साली त्यांचा बाप्तिस्माही इथेच झाला. दीडशे वर्षांहून अधिक काळ आपण मिशनरी ज्यांच्याकडे आले अशी माणसं होतो. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून शब्द आहे, 'मडमबाई फर्लोवर गेल्या,' म्हणजे रजेवर मायदेशी गेल्या. लहानपणी मला वाटायचं, फर्लो हे गावाचं नाव आहे. त्या माणसांना पाठवणाऱ्यांनी परत बोलावून घेऊन महिनेच्या महिने विसावा दिला, कारण त्याशिवाय माणूस टिकत नाही हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. आता पाठवणारे आपण आहोत. पाठवण्याचा मान आपण घेतला, मग ही बाजूही आपलीच.

आणि शास्त्र पाहा. प्रेषितांची कृत्ये, चौदावा अध्याय, शेवटची तीन वचनं. पौल आणि बर्णबा ज्या अंत्युखियाच्या मंडळीने त्यांना पाठवलं होतं, तिथेच परत आले. मंडळी जमवून देवाने काय केलं ते सांगितलं. त्यापुढचं वचन आपण बहुधा वाचत नाही : ते तिथे शिष्यांच्या सोबत बरेच दिवस राहिले.

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक महिन्याचा ठराव रद्द करावा. सहा महिन्यांचा विसावा घर आणि पुऱ्या मानधनासह द्यावा, आणि तो कागदावर न राहता प्रत्यक्ष मिळावा. पहिले तीन महिने अहवालासाठी कुठेही फिरवू नये. मुलांना त्यांची स्वतःची इच्छा असल्याशिवाय कधीच पुढे उभं करू नये.

परतण्याची तारीख मुलांच्या इथल्या शाळेचं वर्ष पाहून ठरवावी. दर कुटुंबामागे मंडळीतला एक शिक्षक नेमावा, जो प्रवेशाच्या वेळी बरोबर जाईल आणि वर्षभर मराठी-कन्नड शिकवायला आठवड्यातून दोनदा घरी येईल. यासाठी पैसे लागणार नाहीत, माणूस लागेल.

पहिल्या पंधरा दिवसांत समितीच्या खर्चाने सगळ्या घराची तपासणी व्हावी, मलेरिया आणि बिल्हार्झियासकट. कोणत्या तपासण्या, त्यांची यादी मी स्वतः करून देईन.

पत्नी काम करत असेल, तर तिला तिच्या नावाने नेमणूकपत्र, मानधन आणि अनुभवाचा दाखला मिळावा. माझा अकरा वर्षांचा दाखला मला याच महिन्यात हवा आहे.

आणि दर कुटुंबासाठी एक पाळक किंवा वडील असावा, जो अहवालाची वही न घेता येईल. आमच्या ओसरीवर जागा आहे.

हे मी फक्त आमच्यासाठी मागत नाही. आमचं जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलं. पण या नाताळाच्या आधी तुम्ही पाठवलेलं दुसरं एक कुटुंब परत येतं आहे. त्यांची मुलगी सात वर्षांची आहे, आणि तिची शाळाही डिसेंबरातच संपते. त्यांचं तिकीट अजून काढलेलं नाही, असं ऐकते. ते एप्रिलच्या शेवटचं काढावं. ती येईल तेव्हा तिला 'शिकामू' म्हणू द्यावं. मराहाबा म्हणायला माझा धाकटा स्टेशनवर येईल, असं त्याने मला सांगितलं आहे. अजून तो एवढा मोठा नाही, पण मी होकार दिला आहे.

उत्तर कृपया मंडळीसमोर द्यावं.

ख्रिस्तात आपली बहीण,
तुम्ही पाठवलेली आणि परत आलेली एक नर्स
खानापूर तालुका